एंजलची पिल्लं वाढवायला टँक केवढा घ्यायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरच्या एंजलफिश माशांच्या जोडीने अंडी दिली, दोनशे-सव्वादोनशे पिल्लं कालपासून सुटी पोहायला लागलीत, सध्या ती १८×१०×१० इंचाच्या छोट्या टँकमध्ये आहेत, दुकानदार म्हणतो एवढीशी तर पिल्लं आहेत हाच टँक पुरेल, आणि मित्र म्हणतो आत्ताच चार फुटी घेऊन टाक म्हणजे पुन्हा खर्च नको. आता कोणाचं ऐकायचं?

दुकानदाराचं आज बरोबर आहे आणि पंधरा दिवसांनी ते चूक ठरणार आहे. मित्राचं आज चूक आहे आणि दीड महिन्याने बरोबर ठरणार आहे. मी पुण्यात फ्लॅटमध्ये तेरा वर्षं एंजलची पिल्लं काढतेय, आणि पिल्लांचा टँक म्हणून एकच माप सांगणारा माणूस भेटला की मी आधी विचारते, पिल्लं किती दिवसांची आणि रोज किती खातायत? कारण पिल्लू किती लांब आहे यावर टँक ठरत नाही. तुम्ही त्याला दिवसभरात किती खायला घालणार आणि ती घाण किती बादल्यांनी बाहेर काढणार यावर टँक ठरतो.

आधी आजचं बघू. एंजलची अंडी २७-२८ डिग्रीला साधारण अडीच दिवसात फुटतात, मग चार-पाच दिवस पिल्लं पानाला किंवा स्लेटला (अंडी घालायला ठेवलेल्या पाटीला) चिकटून शेपटी हलवत राहतात, पोटाखालच्या पिशवीवर जगतात, आणि ती संपली की पोहायला सुटतात. तुमची आत्ता तिथे आहेत. या वयाचं पिल्लू शिकार शोधायला लांब जात नाही, तोंडासमोर जे येईल ते खातं. त्याला आपण देतो अंड्यातून ताजा निघालेला आर्टेमिया, आणि आर्टेमिया हा कोळंबीसारखा, खाऱ्या पाण्यातला बारीक जीव आहे, गोड्या पाण्यात तो काही तासच जिवंत राहतो, मग मरून तळाला बसतो आणि सडतो. म्हणजे चार फुटी टँकमध्ये सव्वादोनशे पिल्लं सोडली तर दोनच गोष्टी होतात, एकतर खाणं इतकं विरळ पसरतं की पिल्लं उपाशी राहतात, नाहीतर तुम्ही घाबरून चौपट आर्टेमिया टाकता आणि तो तळाला कुजतो.

हे मी स्वतः केलंय. तिसऱ्या की चौथ्या बॅचला हौसेने नवीन तीन फुटी टँक आणला आणि सुट्या पोहणाऱ्या पिल्लांना डायरेक्ट त्यात सोडलं. पाणी एकदम स्वच्छ, अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष) शून्य, आणि तरी पाचव्या दिवसापासून पिल्लं रोज कमी होत गेली. टॉर्च आडवा धरून बघितलं तेव्हा समजलं. पोट भरलेल्या पिल्लाचं पोट केशरी दिसतं, अगदी हळद-कुंकू कालवल्यासारखा टपोरा ठिपका, कारण आत आर्टेमियाच असतो. माझ्या टँकमध्ये दहातल्या दोन-तीन पिल्लांचीच पोटं केशरी होती, बाकीची काचेसारखी पारदर्शक. पाणी चांगलं असूनही ती भुकेने गेली. तेव्हापासून पहिले दोन आठवडे मी मोठ्या टँकचं नाव घेत नाही.

त्यामुळे तुमचा १८×१०×१० चा टँक आज अगदी योग्य आहे. पूर्ण भरू नका, सहा ते आठ इंच पाणी ठेवा. आठ इंचाला ते बावीस-तेवीस लिटर होतं (लांबी रुंदी उंची इंचात गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर मिळतात, आणि उंची पाण्याची धरायची, काचेची नाही, दुकानात लोक इथेच फसतात). तळाला खडी नको, वाळू नको, झाड नको, नुसती काच. मेलेला आर्टेमिया दिसला पाहिजे आणि एअर पंपाच्या बारीक नळीने ओढून काढता आला पाहिजे. पाणी ओढताना पिल्लं जातातच, म्हणून नळी पांढऱ्या बादलीत सोडायची आणि नंतर चमच्याने पिल्लं परत टँकमध्ये.

आता स्पंज फिल्टर, म्हणजे एअर पंपावर चालणारा, पाणी आतून ओढणारा स्पंज, कारण त्याच्याशिवाय टँकच्या मापाला अर्थ नाही. दुकानातून आणलेला कोरा स्पंज पिल्लांच्या टँकमध्ये लावला तर तो फक्त बुडबुडे सोडतो. अमोनिया खाणारे जिवाणू त्यावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जोडीच्या टँकमध्ये कायम एक जास्तीचा स्पंज चालू ठेवायचा आणि अंडी दिली की तो इकडे आणायचा. तुमच्याकडे तसा नसेल तर जोडीच्या टँकमधला चालू स्पंजच काढून आणा आणि तिकडे नवा लावा, मोठे मासे थोडे दिवस पाणी बदलून निभावतात, पिल्लं निभावत नाहीत. आणि आणलेला स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात, टँकच्याच पाण्यात दोनदा पिळा.

पंधरा दिवसांनंतर गणित का बदलतं ते नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त पिल्लं इथेच मरतात. पिल्लू लांबीला दुप्पट झालं की वजनाला साधारण आठपट होतं, कारण ते लांबी, उंची, जाडी तिन्हीकडून वाढतं. डोळ्याला दिसतं की अजून बारीकच आहे, पण टँकमधलं एकूण मांस आठपट झालेलं असतं आणि खाणंही त्याच्या मागे वाढतं. चाळीस टक्के प्रोटीनचं एक ग्रॅम सुकं खाणं घ्या, त्यात साधारण ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो, त्यातला अर्ध्याहून जास्त मासा अमोनिया करून पाण्यात सोडतो, बहुतेक गिल्समधून (कल्ल्यांमधून). चाळीस मिलिग्रॅम धरा. तुमच्या पंचवीस लिटरच्या टँकमध्ये हे दीड पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) वर जातं, तेच १६० लिटरमध्ये पाव पीपीएम. ग्रॅम तोच, मासे तेच. स्पंज हे खात असतो म्हणून रोज एवढं साचत नाही, पण लाइट गेली, पंप बंद पडला, स्पंज तुंबला की छोट्या टँकमध्ये तुमच्याकडे तास असतात आणि मोठ्यात एक-दोन दिवस. मोठा टँक म्हणजे हा वेळ विकत घेणं.

यात पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा, धरा. पाणी सातच्या आसपास असेल तर अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, आठला आणि २८ डिग्रीला तोच सहा टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ नऊपट. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि आठच्या आसपासचं असतं. कॉर्पोरेशनच्या पाण्यावर कोणी सांगितलेला हिशोब बोअरवाल्याने तसाच उचलला तर अंगाशी येतं. बोअरचं पाणी असेल तर मी सांगतेय त्यापेक्षा एक माप मोठा टँक धरा किंवा पिल्लं कमी ठेवा.

माझी पहिली बॅच अशीच गेली. दीडशेच्या आसपास पिल्लं होती, एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाच्या टँकमध्ये, पाच आठवड्यांची झाली तरी मला ती बारीकच वाटत होती, नुकते पर फुटून छोटा एंजल दिसायला लागला होता आणि घरातले सगळे टँकसमोर बसून असायचे. रात्री लाइट गेली, चारेक तास आली नाही, आणि आम्ही झोपलो होतो. सकाळी सगळी पिल्लं पाण्याच्या वर तोंड लावून, गिल्स भराभर हलतायत, पाण्याला तो ओळखीचा आंबूस वास, स्पंज पिळला तर काळपट चहासारखं पाणी. दुपारपर्यंत अकरा उरली. ज्याने टँक विकला त्याने सांगितलं होतं की एक फूट तीन महिने पुरेल, आणि मी पुन्हा कोणाला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय हे फार चांगलं करताय.

म्हणून पुढचा टप्पा: दोन आठवडे झाले, पिल्लं सहा-सात मिलिमीटरची झाली आणि खाणं बघून धावत यायला लागली की २×१×१ फुटाचा टँक. दहा इंच पाणी भरलं तर त्यात पंचेचाळीस लिटरच्या आसपास बसतं. सव्वादोनशेला असे दोन घ्या, एक मोठा घेण्यापेक्षा दोन बरे. एकात बुरशी, आजार किंवा हीटरचा घोळ झाला तर निम्मी बॅच तरी वाचते, आणि मोठी-छोटी पिल्लं वेगळी करता येतात. एंजलमध्ये चौथ्या आठवड्याला दांडगी पिल्लं बारक्यांना खाण्याजवळ येऊच देत नाहीत, बारकी मागे पडली की मागेच पडत जातात. एकात दांडगी, एकात बारकी केली की आठवड्याभरात बारकी पोटं भरून घेतात.

तिसरा टप्पा सहाव्या आठवड्याच्या आसपास, अंग रुपयाच्या नाण्याएवढं व्हायला लागलं की. इथे तुमचा मित्र बरोबर. माझी पसंती ३×१.५×१.५ फुटाला, त्यात काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा सोडून १६० लिटर पाणी बसतं. या वयाला एका माशामागे अडीच-तीन लिटरच्या खाली मी जात नाही आणि तेही रोज पाणी बदलणार असाल तरच. दोन दिवसाआड बदलणार असाल तर पाच लिटर. एंजलला उंचीही लागते, वरचा आणि खालचा पर लांब होत जातो, म्हणून या वयाला दहा इंच पाण्याच्या क्रेटमध्ये ठेवू नका, पंधरा-सोळा इंच पाणी द्या. पण उंच आणि अरुंद टँकही नको, हवा पाण्यात वरच्या पृष्ठभागातूनच विरघळते, पृष्ठभाग अरुंद असेल तर खाली कितीही लिटर असून उपयोग नाही. तीन फूट लांब आणि एकच फूट रुंद टँक स्वस्त मिळतो, पण दीड फूट रुंदीचा फरक पिल्लांच्या वाढीत दिसतो.

आता तुम्ही गुणाकार केला असेल. सव्वादोनशे गुणिले तीन म्हणजे पावणेसातशे लिटर. फ्लॅटमध्ये एवढं पाणी ठेवता येत नाही आणि ठेवायचंही नाही. सगळी पिल्लं वाढवायचीच हा हट्ट सोडा, हे मी मनापासून सांगतेय, कारण सव्वादोनशे खुरटलेल्या एंजलपेक्षा ऐंशी भरदार एंजल केव्हाही चांगले. महिन्याच्या सुमारास एक एक पिल्लू नीट बघा, गिल्सचं झाकण अर्धवट असलेलं, पर वाकडा असलेलं, पोट घासत तळाशीच सरपटणारं, ही वेगळी करा. उरलेल्यातून तीन फुटीत पन्नास-साठ आणि दोन फुटी दोन्हीत मागे पडलेली बारकी पंधरा-पंधरा, असे ऐंशी-नव्वद झाले. बाकीची ओळखीच्या हौशी लोकांना द्या, पण त्यांच्याकडे चालू स्पंज आहे का हे विचारूनच. कॉइन साइज झाले की दुकानदार घेतात, मुंबईकडचे लोक कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात नेऊन देतात. फक्त जास्तीची पिल्लं नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका, एकसुद्धा. सकर मासा असाच लोकांनी सोडून सोडून देशभरातल्या पाण्यात पसरलाय आणि तिथल्या माशांच्या मुळावर उठलाय.

खुरटण्यावरून आठवलं. "मासा टँकच्या मापाने वाढतो, छोटा टँक असला की छोटा राहतो" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. मासा स्वतःचं माप ठरवत नाही. छोट्या टँकमध्ये घाण साचते, आपण घाबरून खाणं कमी करतो, आणि पिल्लू घाणीत अर्धपोटी राहतं म्हणून त्याची वाढ थांबते. डोळे मोठे, अंग बारीक, पर आखूड असा एंजल दिसला की समजायचं पहिले दोन महिने वाईट गेलेत. नंतर चार फुटीत टाकला तरी ते रूप पूर्ण भरून येत नाही.

टँक घेण्याआधी एक काम करा, घरातली बादली मोजा. साधी बादली पंधरा ते वीस लिटरची असते. दोन फुटी टँकचं निम्मं पाणी म्हणजे एक-दीड बादली, रोज सहज जमतं. तीन फुटीचं चाळीस टक्के म्हणजे तीन-चार बादल्या, आणि ते पाणी आदल्या दिवशी भरून क्लोरीन उडायला उघडं ठेवलेलं पाहिजे किंवा अँटीक्लोर टाकलेलं पाहिजे, तापमान सारखं पाहिजे. पाणी सकाळी तासभरच येत असेल, वर चढवायचं असेल, घरात एकटेच करणारे असाल, तर चार फुटी टँक तुम्ही पहिला आठवडा बदलाल आणि मग टाळाल, मी कितीतरी जणांचं असं बघितलंय. जेवढं पाणी तुमचे हात रोज न कंटाळता उचलतील तेवढाच टँक आणि त्यात मावतील तेवढीच पिल्लं.

वजन पण बघा. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन फुटी भरलेला साठ किलोच्या पुढे जातो, ३×१.५×१.५ काचेसकट दोनशे किलोच्या आसपास. तो भिंतीलगत, लोखंडी स्टँडवर, खाली थर्माकोलची शीट घालून. बाल्कनीच्या टोकाला किंवा पुस्तकांच्या फळीवर नको.

हीटरचं थोडक्यात: लिटरला एक वॅट धरा, दोन फुटीला ५० वॅट. छोटा टँक रात्री लवकर गार होतो, डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे हे फार जाणवतं, आणि विदर्भात उन्हाळ्यात तोच टँक दुपारी तापतो. २७-२८ ला स्थिर ठेवा. लाइट जाते त्या भागात असाल तर पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, माझी ती पहिली बॅच तेवढ्याने वाचली असती.

बाकी माशांचं विचारणारे असतात म्हणून सांगून ठेवते. गप्पीची पिल्लं जन्मतःच पोहतात आणि चुरून टाकलेलं सुकं खाणंही खातात, तीस-चाळीस पिल्लांना महिनाभर पंचवीस लिटर पुरतं, पण तीन-चार आठवड्यांत नर-मादी ओळखू यायला लागले की लगेच वेगळे करायचे, म्हणजे गप्पीला एक मोठा टँक नको, दोन मध्यम हवेत. फायटरचं उलटं, सुरुवातीला चार-पाच इंच पाणी आणि वर घट्ट झाकण, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्यांचा हवेतून श्वास घेणारा अवयव तयार होतो आणि वरची हवा गार असली तर पिल्लं जातात, आणि पुढे प्रत्येक नराला वेगळी बरणी, तेव्हा टँक मोजण्याआधी बरण्या मोजा. गोल्डफिशला मात्र काचेचा टँक विसरा, उथळ आणि पसरट टबच लागतो, ती पिल्लं खातातही भयंकर आणि घाणही तेवढीच करतात.

तुमच्याकडे परत येते. आज नवा टँक विकत घेऊ नका. आहे त्या टँकमध्ये चालू स्पंज लावा, लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ घालून आर्टेमियाची अंडी उबवायला लावा, २८ डिग्रीला चोवीस तासात निघतो, आणि उद्याही पुन्हा लावा म्हणजे रोज ताजा मिळेल. दिवसातून चार वेळा थोडा थोडा, प्रत्येक वेळी टाकण्याआधी कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवून, खारं पाणी टँकमध्ये नको. रात्री एक मंद दिवा राहू द्या, काळोखात पिल्लं तळाला बसतात. खाणं टाकल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च आडवा धरा आणि पोटं मोजा, वीसातली अठरा केशरी दिसली पाहिजेत. दोन फुटी दोन टँक या रविवारी आणून धुवून पाणी भरून ठेवा आणि जोडीच्या टँकमध्ये आजच दोन नवे स्पंज सोडा. चौदा दिवसात ते पूर्ण तयार होणार नाहीत, म्हणून पिल्लं हलवाल तेव्हा छोट्या टँकमधला जुना स्पंजही दोन तुकडे करून दोन्हीकडे न्या, आणि पिल्लं जाळीने उचलू नका, वाटीने पाण्यासकट उचला.